आगगाडीतली भेट आणि मधली दोन वर्षे



गेल्या रविवारच्या पुरवणीतील लेख म्हणतो की, आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्याने रेव्हरंड ना. वा. टिळकांना बघता बघता ख्रिस्ती केले. तसे झालेले नाही. नागपूर-राजनांदगाव प्रवासात बायबलचा 'नवा करार' त्यांच्या हाती पडला १८९३ मध्ये. मुंबईत बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा आणि शंकांचा होता. त्यातले येशूचे गिरिप्रवचन त्यांना पटले, कोणी दिपवले नाही.

सत्य एका झटक्यात उमगते, हे लेखकाचे सूत्र पंडिता रमाबाईंपाशी तर साफ कोलमडते. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तिथल्याच मठातील भगिनींशी सिद्धांतांवरून कडाक्याचे वाद घातले. आणि धर्म मिळाला तेव्हा ख्रिस्त मिळाला नव्हता, तो आठ वर्षांनी गवसला, असे स्वतःच लिहून ठेवले. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे श्रद्धेची तारीख नव्हे, हे बाईंइतके स्वच्छ कोणी सांगितले?

राहिला आमिषाचा मुद्दा. दुष्काळात काही जण पोटासाठी मिशनच्या दारी गेले, एवढे मान्य. टिळकांचा मात्र संसारच मोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यामागे मुकाट गेल्या नाहीत. जातीपातीचा विटाळ माणसानेच रचला, हे स्वतःला पटल्यावर १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. (आमच्या कँटीनमध्येही लेखावर वाद झाला, आमिषाचा मुद्दा रेटणाऱ्यांपैकी एकानेही लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडलेले नव्हते.)

पुस्तक सहज मिळते. लेखकाने पुढचा हप्ता लिहिण्याआधी ते वाचावे.

— एक वाचक, महापे, नवी मुंबई