बौद्ध विवाह कायदा : मागायचे ते नेमके मागा

स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा झाला पाहिजे, हा ठराव ज्या धम्म मेळाव्यात मंजूर होत नाही असा मेळावा विरळाच. हात वर होतात, टाळ्या पडतात आणि ठरावाचा कागद आभार प्रदर्शनाच्या कागदाखाली जाऊन बसतो. राजकुमार बडोले हे राज्याचे सामाजिक न्याय मंत्री असताना शासनाने या विषयाला हात घातला, मसुद्याची चर्चा झाली, समाजातून त्याच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. कायदा मात्र झाला नाही. आज ना उद्या हा विषय पुन्हा निघेल. तेव्हा व्यासपीठावरच्या मंडळींनी काय बोलावे हे ती मंडळी पाहतील. आम्हांला बोलायचे आहे ते घरातल्या माणसांशी, आणि त्यातही आमच्या भगिनींशी. कारण लग्न कायदेशीर होते की नव्हते हा प्रश्न मांडवात कधीच निघत नाही. तो निघतो संसार मोडल्यावर किंवा कर्ता माणूस गेल्यावर, आणि तो बहुधा बाईलाच विचारला जातो.

आज कायदा काय आहे ते आधी पाहू. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. धर्मांतर केल्यावरही आमच्या लग्नावर 'हिंदू' हा शब्द का, असा संताप अनेक बांधवांना येतो आणि तो रास्त आहे. परंतु संताप हा कायद्यातला मुद्दा होत नाही. खरा मुद्दा कलम ७ मध्ये आहे. वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे जे विधी असतील ते झाले पाहिजेत, असे ते कलम सांगते. ज्यांच्यात सप्तपदी आहे त्यांचे लग्न सातव्या पावलाला पूर्ण होते. आणि रूढी कशाला म्हणायचे? कलम ३ म्हणते, जी दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली गेली ती.

आता आपल्याकडे पाहा. परमपूज्य बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, एका पत्रात बौद्ध विवाहाची रीत कळवली होती. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेले मातीचे नवे भांडे मध्ये ठेवावे, वधूवरांनी सुताचे एकेक टोक हाती धरावे, मंगलसुत्त म्हणावे, दोघांनी शुभ्र वस्त्रे नेसावीत; एवढेच. केवढी साधी आणि बिनखर्चाची रीत! त्यानंतरच्या जवळजवळ सत्तर वर्षांत आपण तिचे काय केले? कुठे त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा होतात, कुठे मंगल गाथांनंतर लगेच पुष्पहार, कुठे सूत आहे, कुठे नाही. कुठे फुले उधळतात तर कुठे अजून तांदूळ. हळद आणि मंगळसूत्र तर सर्रास आहे, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे डीजे वाजतो तो वेगळाच. आम्ही यावर आज टीका करणार नाही, तो लेख स्वतंत्र लिहावा लागेल. पण समोरच्या पक्षाच्या वकिलाने उभे राहून विचारले की, बाई, तुमच्या समाजात नेमके काय झाले म्हणजे लग्न पूर्ण होते, तर आपली भगिनी काय उत्तर देईल? आणि ती जे सांगेल तेच शेजारच्या तालुक्यातला साक्षीदारही सांगेल काय?

ही भीती पोकळ नाही. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केलेल्या एका इसमाचा खटला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६५ साली न्यायालयाने त्याला सोडून दिले. का, तर दुसऱ्या लग्नातले आवश्यक विधी झाले हे सिद्ध झाले नाही, आणि ते विधी रूढीने गळले आहेत हेही सिद्ध झाले नाही, म्हणून ते कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. तो इसम बौद्ध नव्हता हे खरे; पण नियम तोच आहे. दुसरी घरात आणून बसवणारा नवरा विधीच्या फटीतून सुटतो आणि पहिली बिचारी न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभी राहते. लग्न किती साधे असावे हे सांगणारा समाज आपला, तेव्हा ही फट सर्वांत मोठी आपल्याकडेच राहणार.

नवराबायको म्हणून वर्षानुवर्षे एकत्र नांदलेल्यांचे लग्न झाले आहे असे न्यायालय गृहीत धरते, आणि पोटगीच्या दाव्यात विधींचा फार काटेकोर पुरावा मागत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो; उगाच कोणी घाबरून जाऊ नये. पण दोन लग्नांच्या फौजदारी गुन्ह्यात हे गृहीत चालत नाही. निवृत्तिवेतनावर दोघी हक्क सांगतात तेव्हाही 'लग्न कधी, कोणी, कसे लावले' हा प्रश्न येतोच.

नोंदणीचा दाखला आहे ना, असे कोणी म्हणेल. दाखला अवश्य असावा. परंतु एप्रिल २०२४ मध्ये, विधी न करताच दाखला घेतलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही. दाखला हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे, लग्न नव्हे.

मग उपाय काय? येथे आपण तामिळनाडूकडे पाहावे. पेरियार रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीने भटजीशिवाय लग्ने लावण्यास सुरुवात केली, जसे आपल्याकडे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन करून १८७३ मध्येच केले होते. तिकडे हजारो लग्ने लागली. आणि १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने असे लग्न वैध नाही असा निकाल दिला. ज्यांचे संसार उभे होते, मुले शाळेत जात होती, त्या घरांचे काय झाले असेल याची कल्पना करा. पुढे अण्णादुराई मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्या सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यातच राज्यापुरते ७-अ हे एक कलम घातले. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांसमक्ष एकमेकांना समजेल अशा भाषेत 'मी हिला पत्नी म्हणून, मी याला पती म्हणून स्वीकारते' असे म्हणावे, किंवा एकमेकांना हार घालावा, अथवा अंगठी घालावी, किंवा ताळी बांधावी. यांपैकी काहीही एक पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी झालेली अशी लग्नेही त्या त्या दिवसापासून वैध ठरवली. एका कलमात काम झाले.

शिखांचा १९०९ चा आनंद विवाह कायदाही असाच आटोपशीर आहे. आनंद विधीने झालेले लग्न वैध, आणि पूर्वी झालेलेही वैध, हा त्याचा गाभा. घटस्फोटासाठी शीख माणूस आजही हिंदू विवाह कायद्याकडेच जातो.

विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे महाराष्ट्र विधानमंडळाला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी तो विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. मार्ग बंद नाही.

आमचे मत असे की, जाडजूड स्वतंत्र कायद्याच्या मागे लागण्यापेक्षा असे एक नेमके कलम मागावे, आणि त्याला मागचा परिणाम मागावा. १४ ऑक्टोबर १९५६ पासून आपल्या आयाआज्यांची जी लग्ने बुद्ध विहारात, पटांगणात, चाळीच्या गच्चीवर लागली, ती सर्व. रीत एकच लादू नये. त्रिशरण-पंचशील घेऊन परस्परांना स्वीकारले, प्रतिज्ञा घेतली, सूत धरले किंवा हार घातले, यांपैकी काहीही पुरेसे मानावे. आणि अमक्या संस्थेचा शिक्का असल्याशिवाय लग्न खरे नाही असे शब्द मसुद्यात दिसले तर भगिनींनी तेथेच हरकत घ्यावी. एका गावात दोन शाखा, दोन अध्यक्ष आणि दोन पावती पुस्तके हे आपले चित्र. कोणते पावती पुस्तक अधिकृत, यावर एखाद्या बाईचे सौभाग्य आणि तिच्या लेकरांचे नाव टांगून ठेवणे आम्हांला मान्य नाही.

स्वतंत्र कायदाच आला, आणि हिंदू विवाह कायदा आम्हांला लागू नाही असे त्यात लिहिले, तर मग फार जपून वाचावे लागेल. आजच्या कायद्यात दावा चालू असताना मिळणारा खर्च आणि कायमची पोटगी आहे (कलम २४ व २५), परस्पर संमतीचा घटस्फोट आहे (१३-ब), लग्न रद्द ठरले तरी मुलांना औरस मानणारे कलम १६ आहे. यातले एकही गळता कामा नये. वारसा, दत्तक व पालकत्व यांचे १९५६ चे कायदेही बौद्धांना लागू आहेत, आणि मुलीला वडिलार्जित संपत्तीत मुलाइतका हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने त्यांतूनच मिळाला. 'हिंदू' शब्द गेला याचा आनंद साजरा करताना लेकीचा हिस्साही त्याबरोबर गेला, असे व्हायला नको. हिंदू स्त्रियांच्या हक्कांसाठी मांडलेले हिंदू कोड बिल रखडवले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकींनी तरी हे विसरू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. लग्नसराई कोणासाठी थांबत नाही. म्हणून तोवर एवढे करावे. लग्नाच्या दाखल्यावर कोणता विधी झाला हे शब्दांत लिहून घ्यावे, लावणाऱ्या बौद्धाचार्यांची किंवा भन्तेजींची सही व पूर्ण नाव घ्यावे, प्रतिज्ञा घेतानाचे छायाचित्र काढावे (जेवणावळीचे पन्नास आणि प्रतिज्ञेचे एकही नाही, असे आम्ही अनेक अल्बमांत पाहिले आहे), आणि ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत मुदतीत नोंद करावी. ज्यांना शंकाच नको त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा विचार करावा. विहारात लग्न झाल्यावरही त्याच्या कलम १५ खाली नोंदणी करता येते. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते एवढेच. दोघेही बौद्ध असतील तर वारसा हक्कात त्याने बदल होत नाही. स्वतः बाबासाहेबांनी १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनेच विवाह केला होता, हे नोंदणीला नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे.

राहिला एक प्रश्न, ज्यावर मेळाव्यात कोणी बोलत नाही. आपली मुलेमुली आता एकमेकांबरोबर शिकतात, नोकरी करतात आणि जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करतात. स्वतंत्र कायदा फक्त 'दोघेही बौद्ध' असलेल्यांसाठी झाला, तर विहारात येऊन पंचशील घेणाऱ्या त्या परक्या घरच्या सुनेचे लग्न कोणत्या कायद्याखाली धरायचे? तामिळनाडूच्या कलमात ही अडचण बरीचशी येत नाही, कारण ते हिंदू विवाह कायद्याच्याच पोटात आहे आणि बौद्ध व हिंदू दोन्ही त्यात बसतात. मुस्लिम किंवा ख्रिस्ती सून वा जावई आला तर मात्र विशेष विवाह कायदा हीच आज वाट आहे. मसुदा लिहिणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे, आणि ते मिळेपर्यंत ठरावाला हात वर करण्याची घाई करू नये, असे आम्ही आमच्या वाचक भगिनींना सुचवतो.