पुढच्या मे महिन्याआधी
डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याच्या नागरिकांना आवाहन



26 मे 2016 रोजी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. 12 माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. 23 मे 2024 रोजी त्याच फेज दोनमध्ये अमुदान केमिकल्स स्फोटाने हादरली. दहाहून अधिक माणसांचा बळी गेला. काहींचे मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते, त्यांच्या घरच्यांना डीएनए तपासणीच्या निकालाची वाट बघावी लागली. दोन्ही वेळा मंत्री येऊन गेले, मदत जाहीर झाली, चौकशीचे आदेश निघाले. 2016च्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर यायला मात्र माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला.

मधल्या काळात 2020 साली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी दखल घेतली. 2022मध्ये दीडशेवर धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय झाला. 2024च्या स्फोटानंतर तीच घोषणा पुन्हा ऐकली. आपणही टाळ्या वाजवल्या, कारण ‘हलवा’ ही आपलीच मागणी होती. ती मागणी आता नीट मांडायला हवी. नुसतं ‘हलवा’ म्हणून चालणार नाही. कुठे, कसं, कोणाला विचारून, आणि मागे राहिलेल्या कामगारांचं आणि जमिनीचं काय, हे प्रश्न घोषणा पुन्हा होण्याआधी विचारावे लागतील.

पहिला प्रश्न ‘कुठे’चा. डोंबिवलीत राहणाऱ्या कितीतरी जणांचं गाव खेड, चिपळूण, गुहागरकडे. तिथली लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आपल्याला गणपतीला जाताना महामार्गावरूनच दिसते. तिच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, ही तिथल्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. मार्च 2021मध्ये तिथेही स्फोट होऊन कामगार मेले. म्हणजे इथलं संकट तिथे गेलं, तर ते आपल्याच भाऊबंदांच्या दारात गेलं. पाताळगंगेच्या काठीही माणसंच राहतात आणि त्या नदीचं पाणी पितात. रंग आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने युरोपात नियम कडक आणि मजुरी महाग झाली म्हणून आशियाकडे सरकले. जगाने आपल्याशी जे केलं, तेच आपण पाताळगंगेशी करायचं का?

दुसरा प्रश्न पोटाचा. मोहन्याची एनआरसी कंपनी 2009मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले आणि थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. ठाण्याची रेमंड मिल त्याच वर्षी थांबली, आज त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर पहिली वसाहत उभी राहिली ती आपल्या वागळे इस्टेटमध्ये. तिथे आता यंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आणि कॉल सेंटरं आहेत. ती नोकरी मिळते कोणाला? आयटीआय करून लेथवर उभं राहणाऱ्याला नाही. चालत किंवा सायकलने कामावर जाणाऱ्यांची पुढची पिढी आता सकाळी लोकलच्या दारात लटकते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवासी मेले, तेव्हा आपण फक्त रेल्वेला बोल लावला. राहायला इथे आणि कमवायला तिकडे, ही वेळ आपल्यावर कशी आली, हेही त्या दिवशी विचारायला हवं होतं.

‘कामा’ ही इथल्या कारखानदारांची संघटना स्थलांतराला विरोध करते. कारखाने आधी आले, घरं नंतर आली, असं कारखानदार म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. वसाहत साठच्या दशकातली. कंपाउंडला खेटून इमारतींना परवानगी ज्यांनी दिली, त्यांना कोणी जाब विचारला नाही. पण घरं नंतर आली म्हणून त्यांत राहणाऱ्यांच्या जिवाचं मोल कमी होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात.

एक, अतिधोकादायक प्रक्रिया बंद व्हावी किंवा सुरक्षित पद्धतीने व्हावी. जुना रिअॅक्टर जसाच्या तसा दुसऱ्या तालुक्यात नेऊन बसवायला परवानगी नको. रिअॅक्टरमध्ये रसायनं एकत्र आली की अनेकदा उष्णता निघते. थंड पाणी थांबलं किंवा ढवळणारा पंखा अडकला तर आतला दाब काही मिनिटांत हाताबाहेर जाऊ शकतो. आपोआप बंद पडणारी यंत्रणा, दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि शिकलेला ऑपरेटर, या तीन गोष्टींवर खर्च न करणाऱ्याला परवानगीच मिळू नये.

दोन, कारखाना हलला किंवा बंद झाला तर कामगारांची देणी आधी चुकती व्हावीत. कंत्राटी कामगारांचीसुद्धा, कारण स्फोट झाला की हजेरीपटावर नाव नसलेला माणूस आधी हरवतो.

तीन, मोकळी होणारी जमीन बिल्डरला जाऊ नये. तिथे बिगर-प्रदूषणकारी उद्योग, प्रशिक्षण केंद्र आणि उरलेल्या कारखान्यांभोवती झाडांचा पट्टा यावा. हे आत्ताच लेखी ठरलं नाही, तर दहा वर्षांनी तिथे स्विमिंग पूलवाल्या सोसायटीची जाहिरात लागेल.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

कागदावर तुमचा हक्क आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1989 साली धोकादायक रसायनांचे नियम आले. त्यांनुसार मोठा साठा असलेल्या कारखान्याबाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करावं, काय करू नये हे कळवलं गेलं पाहिजे. कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना तयार असली पाहिजे आणि वर्षातून एकदा तिची रंगीत तालीम झाली पाहिजे. तुमच्या सोसायटीत असं कोणी कधी येऊन सांगितलंय का? नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. साधा कागद आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला तीन गोष्टी विचारा: आमच्या भागात कुठल्या कारखान्यांत धोकादायक रसायनं आहेत, बाहेरच्या लोकांसाठीची योजना काय आहे आणि तिची शेवटची तालीम कधी झाली. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्या कारखान्यांच्या संमतीपत्रांच्या प्रती मागा. एका माणसाचा अर्ज फाइलमध्ये पडून राहील. मिलापनगर, सोनारपाडा, सागाव, गोळवली, दावडी इथल्या सोसायट्या आणि चाळींतून एकाच आठवड्यात शंभर अर्ज गेले, तर साहेबांना उठून बसावं लागेल.

घरातही हे सांगून ठेवा. मोठा आवाज आला की काय झालं ते बघायला खिडकीशी जाऊ नका. असे स्फोट लांबलांबच्या काचाही फोडतात आणि काचा थेट तोंडावर येतात. उग्र वास आला तर दारं-खिडक्या बंद करा, दारांच्या फटीत ओली फडकी लावा, तोंडावर ओला रुमाल धरा. बाहेर असाल तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडवे निघा. म्हातारी माणसं, दमेकरी आणि लहान मुलं कुठल्या घरात आहेत त्याची यादी सोसायटीच्या वॉचमनकडे असू द्या. 112 हा नंबर पोरांना पाठ करायला लावा.

ठाणेकरांनी हा डोंबिवलीचा प्रश्न म्हणून पान उलटू नये. कल्याणकरांनी तर मुळीच नाही. उल्हास नदीचं पाणी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नळांना येतं, आणि उल्हासनगरातून काळी होऊन आलेली वालधुनी कल्याणजवळच खाडीला मिळते.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याच्या हातात या तीन मागण्यांचा कागद द्या आणि त्यावर सही मागा. सही न करणाऱ्याचं नाव सोसायटीच्या फलकावर लावा. आणि निवडणुकीची वाट न बघता पहिला अर्ज याच आठवड्यात टाका.