तीन वाजेपर्यंतचे शहर

पहाटेची कसारा लोकल आसनगावला येते तेव्हा फलाटावर दोन प्रकारची माणसे उभी असतात. एक रोजची. त्यांना कोणता डबा कोठे लागतो हे ठाऊक असते. दुसरी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कामापुरती मुंबईला जाणारी. त्यांच्या हातात कापडी पिशवी असते, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे आणि फडक्यात बांधलेली भाकरी. नगररचनाकारांच्या आराखड्यात पहिल्या प्रकारच्या माणसाला थोडीफार जागा आहे. दुसऱ्याला मुळीच नाही.

शहापूर तालुक्यातली अशी एखादी बाई घ्या. आश्रमशाळेत कामाठी असलेला नवरा वारला. कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण दोन वर्षे अडकले. तालुक्याने जिल्ह्याकडे बोट दाखविले, जिल्ह्याने मुंबईकडे. म्हणून एका दिवसाचा रोज बुडवून ती निघाली. साडेदहाला दक्षिण मुंबईतल्या एका कार्यालयाच्या दारात पोहोचली, तेव्हा शिपाई म्हणाला, “साहेब मीटिंगला गेलेत, बाई. तीननंतर या.”

आता तिच्या हाती साडेचार तास आले आणि समोर एक अनोळखी शहर. हौशी प्रवाशाला असे साडेचार तास मिळाले तर तो आनंदित होईल. फोर्ट भागाइतके पायी पाहण्याजोगे शहर या देशात थोडेच आहे. बाईनेही ते पाहिले; माणसाचे कुतूहल गरिबीमुळे मरत नाही. ती हुतात्मा चौकात उभी राहिली. १८६४ साली उभारलेले कारंजे तेथे आहे, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेललेल्यांचे स्मारक. मशाल धरलेल्या त्या जोडीत एक शेतकरी आहे आणि एक कामगार. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तो यांच्या बलिदानावर. ही राजधानी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तेथे दगडाधातूत लिहून ठेवलेले आहे. मात्र त्या शेतकऱ्याच्या तालुक्यातून आलेल्या बाईला सावलीत टेकायला जागा कोठे, याचे उत्तर त्या परिसरात शोधावेच लागते. एका इमारतीच्या पायरीवर ती बसली, तर रखवालदाराने “मावशी, उठा, इथे बसायचं नाही” म्हणून उठविले. त्याचाही दोष नाही. त्याला तसा हुकूम आहे.

शेवटी तिला हॉर्निमन सर्कलचा बगीचा सापडला. ज्या इंग्रज संपादकाला १९१९ साली सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल हद्दपार करण्यात आले, त्याचे नाव या बागेला आहे. झाडाखाली तिने भाकरी सोडली. पाणी मात्र बेताचेच प्यायली. त्याचे कारण पुरुष वाचकांच्या चटकन ध्यानात येणार नाही. अनोळखी शहरात स्वच्छतागृह कोठे, उघडे असेल का, किती पैसे पडतील, याची खात्री नसलेली स्त्री दिवसभर तहान मारते. पुरुषाला मुतारी फुकट आणि स्त्रीला पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईतल्या स्त्रियांनी २०११ साली चळवळ सुरू केली. त्यांना तेव्हा अनेकांनी हसून घेतले. त्या हसण्याची किंमत ही बाई मूत्राशयाच्या दुखण्याने मोजते.

आणि पाण्याचेच म्हणाल, तर हिशेब असा आहे. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागते. त्यातले जवळजवळ निम्मे भातसा प्रकल्पातून येते. तानसा तर १८९२ पासून या शहराला पाजते आहे. भातसा आणि तानसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. आणि याच तालुक्यातील गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे जिच्या शिवारातले पाणी या शहराच्या नळांना येते, तिला या शहरात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांना हे शोभले नसते. त्यांनी चौकाचौकांत दगडी प्याऊ बांधले. भातबाजारातला केशवजी नाईकांचा १८७६ चा. माणसांसाठी पाणी आणि जनावरांसाठी कुंडी, अशी सोय अनेक प्याऊंत होती. त्यांपैकी काहींची अलीकडे डागडुजी झाली, हे चांगलेच. परंतु धर्मादायाने जे केले ते लोकनियुक्त महापालिकेने हक्क म्हणून करू नये काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नगरपालिकेचा पैसा करदात्या रहिवाशांचा आहे. पाहुण्यांचा भार त्यांनी का वाहावा? परंतु राजधानीचे शहर राज्यातल्या सर्वांच्या श्रमावर उभे असते. त्याच्या गिरण्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी चालविल्या, त्याचे पाणी आदिवासींच्या जमिनी बुडवून आले. तेथे येणारा खेडूत आपल्याच घराच्या ओसरीवर आलेला असतो. त्याला पाहुणा म्हणणे हीच मुळात चूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता सगळे संगणकावर होते, मग मुंबईला यावेच कशाला? खरे आहे, ज्यांचे प्रकरण सरळ असते त्यांचे होते. अडलेले प्रकरण मात्र अजूनही माणसाला माणसासमोर उभे करते, आणि प्रकरण अडते ते बहुधा गरिबाचेच. कायदे कमी नाहीत. कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे २००५ चा राज्याचा कायदा सांगतो. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदाही आला. या दोन्ही कायद्यांत कार्यालयाचा वेळ मोजला आहे. बाईचा वेळ कोणीच मोजलेला नाही. तिचा बुडालेला रोज, भाडे, खाणे आणि पुन्हा पुढच्या खेपेचे तेवढेच: हा सगळा एक अप्रत्यक्ष कर आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि ज्याचे उत्पन्न कमी त्याच्यावर तो अधिक जड पडतो. मुंबईच्या बसचे किमान भाडे २०१९ साली ५ रुपयांवर आणले होते. २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. नोकरदाराला ही वाढ जाणवणार नाही. बाई मात्र बोरीबंदरपर्यंत चालत जाते.

या करातून सूट देणे अवघड नाही. ज्या कार्यालयात बाहेरगावचे लोक येतात त्याने भेटीचा वार आणि वेळ पाळावी. साहेब नसतील तर आलेल्याला तारखेची लेखी चिठ्ठी द्यावी. आणि प्रकरण कोठे अडले याचे उत्तर तालुक्यातच मिळावे. महापालिकेने स्थानकांच्या व कार्यालयांच्या परिसरात बाक, सावली, फुकट पाणी आणि स्त्रियांसाठी फुकट व स्वच्छ सोय करावी. यासाठी परदेशी सल्लागार नको, की कर्जही नको.

चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, कारण मोठ्या सिद्धान्ताइतकाच नळाचा प्रश्नही राजकीय आहे हे त्यांनी ओळखले होते. शहरातल्या आपल्या शाखांच्या किती कचेऱ्यांत आज बाहेरगावच्या माणसाला बसायला सतरंजी, प्यायला तांब्याभर पाणी आणि अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता मिळेल? निवडणुकीत तिच्या गावी सभेला जाणाऱ्यांनी, ती आपल्या शहरात येते तेव्हा आपण कोठे असतो, याचे उत्तर द्यावयास हवे.

तीन वाजता साहेब आले. नस्ती वरच्या टेबलावर गेली आहे, पुढच्या आठवड्यात चौकशी करा, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये बाई दाराजवळ उभी राहिली. आसनगावला उतरल्यावर तिने आधी फलाटावरच्या नळाला तोंड लावले. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येईल. तोवर निदान एक बाक तरी मांडला जावा.