शिवकाळाची पावती नको. कारवानाला स्वतःचा इतिहास आहे

१/
पावसाळा सरला की लोणावळ्याच्या बंगल्यांवर आणि पवनेच्या काठी शनिवार-रविवारी श्वानपालक जमू लागतात. पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून ग्रेहाउंड उतरतात आणि त्यांच्या जोडीला कारवान, पश्मी, मुधोळ. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. साखळी सुटली की डोळ्यांचे पारणे फिटावे अशी धाव!

२/
समोर लोहगड दिसत असतो. मग कोणीतरी सांगतेच, की हे शिवाजी महाराजांच्या सैन्यातले कुत्रे. मावळे यांना घेऊनच लढत. याच दाव्यावर पिल्ले विकली जातात. हा दावा सोडून द्यावा, एवढेच या धाग्याचे म्हणणे. त्याने इतिहासाचे नुकसान होतेच, कुत्र्याचेही होते.

३/
प्रथम नाव. 'मुधोळ हाउंड' हे नाव शिवकाळातले नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील उत्तम कुत्री निवडून त्यांची पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. मुधोळचे नाव या जातीला चिकटले ते तेव्हापासून.

४/
शिवकाळातले मुधोळ कोणाचे होते? आदिलशाही सरदार बाजी घोरपडे यांचे. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, त्यात बाजींचा हात होता. १६६४ मध्ये महाराजांनी मुधोळवर चाल केली आणि बाजी मारले गेले. ज्या गावाचे नाव आज अभिमानाने मिरवले जाते, ते तेव्हा वैऱ्याचे ठाणे होते.

५/
मराठ्यांची लष्करी व्यवस्था साधनांतून बरीच उलगडते: पागा, बारगीर, शिलेदार, गडावरचे हवालदार, सबनीस, कारखानीस. श्वानपथक त्या व्यवस्थेचा भाग म्हणून समोर येत नाही. गावात, छावणीत, शिकारीत कुत्री असणारच. पण कुत्री असणे वेगळे आणि कुत्र्यांची पलटण असणे वेगळे.

६/
रायगडावरील वाघ्याचे उदाहरण ताजे आहे. तेथील स्मारक १९३६ चे. २०१२ मध्ये आंदोलकांनी ते हटवले, पुन्हा बसवले गेले, वाद मात्र शमला नाही. आख्यायिका एकदा दगडात उभी राहिली की ती दगडाहून जुनी वाटू लागते. मग पुरावा मागणाराच गुन्हेगार ठरतो.

७/
आणि खरा पुरावा कमी आहे असेही नाही. कर्नाटकातील आतकूरचा शिलालेख इ.स. ९५० च्या सुमाराचा, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातला. मनलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून 'काळी' हा शिकारी कुत्रा मागून घेतला. रानडुकराशी झुंजताना काळी मेला, डुक्करही मेले. ती झुंज शिळेवर कोरलेली आहे.

८/
छत्रपती थोरल्या शाहूंच्या लाडक्या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला. त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे ग्रँट डफने लिहिले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या 'खंड्या'चे स्मारक दाखवतात. खंडोबाबरोबर तर कुत्रा असतोच. दख्खनने कुत्र्याला नेहमीच जागा दिली.

९/
पण कारवान टिकला तो दरबारामुळे नव्हे. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगलीपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कोरड्या माळांवर मेंढपाळ, शेतकरी आणि शिकारी यांनी तो सांभाळला. दिवसा सशामागे धाव, रात्री वाड्या-वस्तीची राखण. या माणसांचे दफ्तर नव्हते, म्हणून त्यांची नावे इतिहासात नाहीत.

१०/
१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद केल्या. कायदा योग्यच होता. मात्र कारवानाचे पिढीजात काम गेले. उरल्या जत्रेतल्या शर्यती. तेथे फक्त वेगाला भाव, म्हणून ग्रेहाउंडशी संकर होऊ लागला आणि उन्हातान्हात तग धरणारा जुना वंश पातळ होऊ लागला.

११/
ग्रेहाउंडची कथाही शिकण्यासारखी. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानात ब्रिटनमधील आधुनिक शर्यती सुरू झाल्या. कुत्रा धावेनासा झाला की त्याचे करायचे काय, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. आज तिकडच्या अनेक मेळाव्यांत येणारी कुत्री शर्यतीतून निवृत्त झालेली, दत्तक घेतलेली असतात. तेथे इतिहास मिरवला जात नाही, निस्तरला जातो.

१२/
आपल्याकडे मान मिळाला: २००५ मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ आला, २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतला. ज्यांनी वंश जपला त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. लोणावळ्याच्या हिरवळीवर त्यांच्यापैकी कितीजण दिसतात?

१३/
कोणी म्हणेल, खोट्या अभिमानाने का होईना, कुत्रा वाचत असेल तर बिघडले काय? बिघडते ते असे. 'मावळ्यांचा लढवय्या' म्हणून आणलेले पिल्लू मोठेपणी परक्यांना बुजणारे, हात लावू न देणारे आणि रोज मोकळी धाव मागणारे निघते. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत तो लढवय्या मावत नाही. दंतकथेवर घेतलेला कुत्रा दंतकथा ओसरली की रस्त्यावर येतो.

१४/
म्हणून पुढच्या मेळाव्यात प्रश्न बदलावा. हा कोणाच्या सैन्यातला, असे विचारण्याऐवजी हा कोणत्या माळावरून आला, त्याच्या आई-बापांना कोणी पोसले आणि याला रोज पळायला जागा आहे का, हे विचारावे. महाराजांचे नाव कुत्र्याच्या गळ्यात अडकवण्याची गरज नाही. ज्या हातांनी त्याला भाकरी घातली, त्यांची नावे विचारून लिहून ठेवली, तरी इतिहासाचे मोठे काम होईल.