सूर्य सगळ्यांचा, पण छत कुणाच्या नावावर?



परभणीचा मे महिना ज्याने पत्र्याच्या खोलीत काढला आहे, त्याला ऊन म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पारा ४३-४४ वर जातो, दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि पंखा वरची धगच खाली फेकतो. याच उन्हावर सरकार आता अनुदान देत आहे. ते कुणाच्या खात्यात जातं, हा हिशेब आपल्या चळवळीने अजून नीट मांडलेला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आणली. एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान. अट साधी आहे. घर स्वतःचं हवं, छत पॅनल पेलणारं हवं, वीजजोडणी हवी. शिवाय अनुदान येतं ते पॅनल बसल्यानंतर. ३ किलोवॅटचे दीड-दोन लाख आधी खिशातून किंवा कर्जातून उभे करा, मग सरकार हातभार लावणार. म्हणजे मोठं छत, मोठं अनुदान. शहरातल्या कॉलनीतला स्लॅबचा बंगला ७८ हजार घेतो आणि वस्तीतला पत्रा शून्य.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत घरावर सोलर बसवणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के रक्कम प्राप्तिकरातून वजा मिळायची. २०२५ अखेर ती सवलत बंद झाली. पण ज्याचं उत्पन्नच इतकं कमी की कर लागत नाही, त्याला वजा करायला होतं काय? आपल्या देशातही सोलर-पवनचक्की उभारणाऱ्या कंपन्यांना २०१७ पर्यंत पहिल्या वर्षात ८० टक्के घसारा दाखवून कर वाचवता येत होता, नंतर तो ४० टक्के झाला. सवलतीची वाट नेहमी आधीच भरलेल्या घराकडे जाते.

राज्य सरकारला हे अगदीच दिसलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२५ मध्ये स्मार्ट नावाची योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे साडेसतरा हजार. पन्नास हजारांच्या संचाला घरातून फक्त अडीच हजार. महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याकडून १५ हजार. तरतूद चांगली आहे, तिचे अर्ज आपल्या पोरांनी वस्तीत बसून भरून दिले पाहिजेत. पण १ किलोवॅटचा संच ठेवायचा कुठे? दगड ठेवून दाबलेल्या पत्र्यावर? मीटर सासऱ्याच्या नावावर, जागा गायरानातली, नमुना आठ-अ वर नाव नाही. योजना गरिबाला शोधत येते आणि दारावरचं नाव वाचून परत जाते.

आणि गायरानाचाच विषय निघाला आहे तर पुढचंही ऐका. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पाला सरकारी जमीन नाममात्र १ रुपया वार्षिक भाड्याने मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू आहे, आणि रात्री विंचू-सापात मोटार चालू करायला जाणारा सालगडी बऱ्याचदा आपलाच असतो, म्हणून त्या हेतूला आपला विरोध नाही. पण दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये याच जमिनीसाठी तुरुंग भरले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी कित्येक कुटुंबं आजही सातबाऱ्याची वाट पाहत आहेत. भूमिहीनाला पिढ्या लागतात, कंपनीला करार पुरतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज त्यांच्याकडेच होती. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्यांच्याच काळात उभं राहिलं. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. वीज त्यांच्यासाठी बंगल्याची सोय नव्हती. आपण मात्र १४ एप्रिलच्या रोषणाईपलीकडे विजेचा विषय क्वचितच काढतो. (डीजेचं बिल किती येतं, हा वेगळा लेख होईल.)

मग मागायचं काय? छत नसणाऱ्यांसाठी सामायिक छत. बुद्धविहार, समाजमंदिर, जिल्हा परिषदेची शाळा यांच्या स्लॅबवर एक संच आणि त्याचे युनिट वस्तीतल्या प्रत्येक मीटरच्या बिलातून वजा. दिल्लीत आभासी नेट मीटरिंगचे नियम २०१९ पासून आहेत, म्हणजे हे तंत्र आकाशातून आणायचं नाही. दुसरं, पत्र्याच्या घरांना ऊन परतवणारा पांढरा लेप. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. तिसरं, जुना ७५ वॅटचा पंखा बदलून ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा अनुदानात द्या. तो बसवायला ना सातबारा लागतो ना स्लॅब.

जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम, कुठेही असा. पुढच्या ग्रामसभेत दोन आकडे लेखी मागा: गावात सूर्यघरचं अनुदान किती घरांना मिळालं आणि त्यात आपल्या वस्तीतली घरं किती. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि प्रत मिळाल्याशिवाय उठू नका.