शाळेंतील पंक्तिभेद

“गरिबांचीं मुलें आमच्या शाळेंत घेतलीं तर आमच्या मुलांचें वळण बिघडेल,” असें शिकल्यासवरलेल्या गृहस्थांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. बालवयापासून सहिष्णुता शिकविली पाहिजे, असा ठराव सभेंत आला म्हणजे हेच गृहस्थ प्रथम हात वर करतात! त्यांच्या मतें सहिष्णुता हा पुस्तकांतील एक धडा आहे. प्रश्नांचीं उत्तरें लिहिलीं कीं काम झालें. आमचें मत निराळें आहे. सहा वर्षांचें मूल धड्यावरून फारसें शिकत नाहीं. आपल्याला कोणाशेजारीं बसविलें आणि कोणाच्या डब्यांतील घास खाल्ल्याबद्दल घरीं बोलणीं बसलीं, यावरून तें शिकतें.

साताऱ्याचेंच उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील शाळेंत बालवयांतील भीमराव आंबेडकरांस कोपऱ्यांत वेगळें बसावें लागे. बसावयाचें गोणपाटही घरून आणावयाचें व सायंकाळीं परत न्यावयाचें. इतर मुलांपुढें अस्पृश्यतेवर व्याख्यान देण्याची गरजच नव्हती. तें गोणपाट रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. त्याच शहरांत १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं एकच वसतिगृह काढलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. सहभोजनाचा समारंभ एक दिवस गाजतो व दुसऱ्या दिवशीं विसरला जातो. येथें मुलें रोज मिळून रांधीत आणि एका पंक्तींत जेवीत.

आतां कायद्याकडे वळूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें, अल्पसंख्याकांच्या संस्था सोडून, विनाअनुदान खासगी शाळांस पहिलीच्या वर्गांत निदान चौथा हिस्सा जागा परिसरांतील दुर्बल व वंचित मुलांस विनामूल्य देणें भाग आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस यांतून सूट दिली. जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. अशा मुलांस वर्गांत वेगळें काढूं नये, त्यांचे वर्ग निराळ्या जागीं वा वेळीं भरवूं नयेत, असें केंद्राच्या नियमांतही स्पष्ट आहे. परंतु कायद्याचा हात दारापर्यंत पोंचतो, बाकापर्यंत नाहीं. “ज्यांची सहलीची वर्गणी आली नाहीं त्यांनीं उभें राहावें,” एवढें एक वाक्य शिक्षकानें उच्चारलें कीं सारा वर्ग कोण कोणत्या घरचा हें कायमचें ओळखतो.

प्रतिपूर्तीची रक्कम सरकारकडून वेळेवर मिळत नाहीं, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे, आणि त्याबद्दल दोष सरकारचाच. पण देणेकरी सरकार असतां जप्ती मुलावर आणावयाची, हा कोठला न्याय? आमच्या व्यापारी वाचकांना तरी हें समजावून सांगणें नलगे.

या वाचकांपैकीं कित्येक गृहस्थ शाळांच्या व्यवस्थापक मंडळांवर आहेत. त्यांनीं येत्या जूनमध्यें, आगाऊ वर्दी न देतां, मधल्या सुटींत पहिलीच्या वर्गांत जावें व कोण कोणाशेजारीं डबा उघडतो तें पाहावें. चौथ्या हिश्श्याचीं मुलें एका कोपऱ्यांत आढळलीं, तर मुख्याध्यापकांकडे त्याचें कारण लेखी मागावें.