बॉलपार्क म्हणजे कुठलं पार्क?

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. मागच्या सेमिस्टरला इंटर्नशिपसाठी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. इंटरव्ह्यू घेणारे सर परदेशातून बोलत होते, माणूस अगदी मनमोकळा. मी हॉस्टेलवर राहतो म्हटल्यावर त्यांनी सहज विचारलं, तुमच्या हॉस्टेलला दिवसाला किती पाणी लागत असेल? आणि वर म्हणाले, "जस्ट अ बॉलपार्क." मी मनात जुळवलं: बॉल अधिक पार्क, म्हणजे ग्राउंड! आणि ठणकावून सांगितलं, "नो सर, नो बॉलपार्क. ओन्ली क्रिकेट ग्राउंड." पलीकडे दोन सेकंद शांतता... मग ते हसले, 'नेव्हर माइंड' म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. इंटर्नशिप काही मिळाली नाही.

ती त्या एका शब्दापायी गेली असं मी म्हणणार नाही. पण चुटपुट लागून राहिली ती वेगळ्याच गोष्टीची. उत्तर मला येत होतं! मी सिव्हिलचा. हॉस्टेलसाठी माणशी दिवसाला 135 लिटर, हा आय.एस. 1172 मधला आकडा मी झोपेतही सांगेन. आमच्या हॉस्टेलवर मुलं 300. गुणाकार केला की 40,500. 'चाळीसेक हजार लिटर' एवढंच तर सांगायचं होतं. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान आणि बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ आकडा, हे ज्ञान रात्री रूमवर आल्यावर झालं.

रूमवर सगळे पोट धरून हसले. पण हसून झाल्यावर एकेकाचं पितळ उघडं पडायला लागलं! एकाला 'ट्वेंटी-ऑड' ऐकून प्रश्न पडला होता, की वीस तर ईव्हन आहे, ऑड कसा? दुसऱ्याला 'गिव्ह ऑर टेक' म्हणजे काहीतरी देण्याघेण्याचा व्यवहार वाटला होता. तिसरा 'द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर' म्हणजे तासातला सगळ्यात मजेचा भाग समजत होता. (तसा भाग आपल्या कुठल्या लेक्चरला असतो, हे त्यानेच सांगावं!)

गंमत बघा, ही भाषा आपल्याला अनोळखी नाहीच. मेसच्या काकांना विचारा, "काका, किती जण जेवून गेले?" ते म्हणतात, "असतील शे-दीडशे." त्या अंदाजावर मावशी कणीक मळतात आणि पोळ्या सहसा कमी पडत नाहीत. 'चार लोक काय म्हणतील' असं आई म्हणते, तेव्हा ते चार कोण असं आपण विचारत नाही. 'सतराशे साठ भानगडी' कुणी मोजल्या नाहीत. मग इंग्रजी कानावर पडलं की आपण एकदम कॅल्क्युलेटर का होतो?

माझं मत असं, की आपण इंग्रजी वाचून शिकलो, ऐकून नाही. म्हणून शब्द सुटा सुटा पकडतो. पण अंदाजाचे शब्द नुसते 'साधारण' एवढंच सांगत नाहीत, अंदाज कुठल्या बाजूला झुकतोय हेही सांगतात. माझा मेकॅनिकलचा रूममेट म्हणाला, "अरे, हा तर टॉलरन्स आहे!" आणि खरंच तसंच आहे.

प्लस-मायनस दोन्हीकडे जाणारे, म्हणजे बायलॅटरल: 'गिव्ह ऑर टेक', 'ऑर सो', 'बॉलपार्क' आणि शेपटीचा 'इश'. 'सेव्हनिश' म्हणजे सातच्या सुमारास.

फक्त प्लस: 'ट्वेंटी-ऑड' म्हणजे वीस आणि वर थोडे. 'अ गुड ट्वेंटी मिनिट्स' म्हणजे निदान वीस मिनिटं तरी. आपण 'चांगला तासभर थांबलो' म्हणतो ना, तोच हा 'चांगला'. 'नॉर्थ ऑफ फिफ्टी' म्हणजे पन्नासच्या वर, उत्तर दिशेचा संबंध नाही.

फक्त मायनस: 'जस्ट शाय ऑफ हंड्रेड' म्हणजे शंभराला थोडे कमी, लाजण्याचा संबंध नाही. 'द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर' म्हणजे जवळजवळ तास. 'पुशिंग सिक्स्टी' म्हणजे आपलं 'साठीला टेकले'.

आणि 'अ कपल ऑफ डेज'? शब्दाने दोन, बोलण्यात कधी दोन तर कधी तीन-चार. आपला शिंपी 'दोन दिवसांत देतो' म्हणतो, तसंच. त्या भरवशावर शर्टाची वाट बघायची नाही आणि प्रोजेक्टची डेडलाइनही ठरवायची नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली स्टाफसाठी. सर, मॅडम, कम्युनिकेशन स्किल्सच्या प्रॅक्टिकलला आम्ही अर्ज लिहितो, ग्रुप डिस्कशन करतो. त्यातला थोडा वेळ नुसतं ऐकायला द्या. माणसं खरोखर बोलतात तसं इंग्रजी, सबटायटल्स झाकून. दुसरी आपल्यासाठी. रात्री लॅपटॉपवर पिक्चर बघताना एखादा सीन आधी सबटायटल्स बंद करून बघा, मग लावून. आणि समोरच्याचा आकडा कळला नाही तर मान डोलवू नका, परत विचारा: "सर, यू मीन अराउंड फॉर्टी थाउजंड?" परत विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात काय जातं, ते मी भोगलंय.

मराठी मीडियममधून आलेल्या माझ्या ज्युनिअर मित्रांना खास सांगतो, आपलं ग्रामर कच्चं म्हणून आपण अडत नाही. आपण अडतो ते प्रत्येक शब्दाचा पक्का अर्थ लावत बसल्यामुळे. बोलणारा अंदाज सांगतोय, तुम्हीही अंदाज बांधा.

संपादक म्हणाले होते, लेख 600 शब्दांचा हवा. लिहिलाय... गिव्ह ऑर टेक!